रुडॉल्फ डिझेल

रुडॉल्फ क्रिस्टियान कार्ल डिझेल (जन्म : पॅरिस, १८ मार्च १८५८, मृत्यू : अँटवर्प ते हारिच या समुद्रप्रवासात, २९ सप्टेंबर १९१३) हे जर्मन अभियंते आणि संशोधक होते. ठिणगीवाचून, केवळ दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटविणाऱ्या इंजिनाचे जनक म्हणून ते ओळखले जातात. हे इंजिन आणि त्यात जळणारे तेल या दोहोंना आज त्यांच्याच नावाने संबोधले जाते. मालट्रक, एस.टी. बस, ट्रॅक्टर, जहाजे, रेल्वेची इंजिने आणि विहिरीवरचे पंप यांतून डिझेल हे नाव घरोघरी पोहोचले असले, तरी तो एका माणसाच्या आडनावाचा उच्चार आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते.

छोट्या कारागिराला परवडेल आणि त्याला स्वतः चालविता येईल असे यंत्र निर्माण करावे, ही डिझेल यांची मूळ आकांक्षा होती. प्रत्यक्षात त्यांच्या हयातीत हे इंजिन अवजड आणि महागडे राहिले, त्याची दुरुस्ती मोजक्याच तज्ज्ञांच्या आवाक्यात होती. ट्रकच्या बॉनेटखाली आणि गावच्या मिस्त्रीच्या हाती ते पोहोचले, ते त्यांच्या मृत्यूनंतर.

बालपण

डिझेल यांचे वडील थिओडोर हे मूळचे बव्हेरियातील आउग्सबुर्गचे. पुस्तकबांधणी हा त्यांचा व्यवसाय. पॅरिसला स्थायिक झाल्यावर ते चामड्याच्या वस्तू बनवू लागले. आईचे नाव एलिझे. तीन अपत्यांपैकी रुडॉल्फ हे दुसरे. जन्मानंतर काही आठवड्यांतच त्यांना व्हॅन्सेन येथील एका शेतकरी कुटुंबाकडे ठेवण्यात आले आणि आयुष्याचे पहिले नऊ महिने त्यांनी तेथेच काढले. पुढे घरी परतल्यावर वडिलांच्या कार्यशाळेत मदत करणे आणि तयार माल हातगाडीवरून गिऱ्हाइकांना पोहोचविणे ही कामे त्यांच्या वाट्याला आली. हाताने काम करणाऱ्या माणसाची मिळकत किती बेताची असते, हे त्यांनी लहानपणीच पाहिले. पॅरिसमधील यंत्रांच्या संग्रहालयात जाणे हा त्यांचा आवडता छंद होता. शाळेतही ते हुशार विद्यार्थी म्हणून गणले जात.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. जर्मन वंशाच्या अनेक कुटुंबांप्रमाणे डिझेल कुटुंबालाही फ्रान्स सोडावे लागले. ते लंडनला गेले. तेथे हलाखीचे दिवस आल्याने बारा वर्षांच्या रुडॉल्फला आउग्सबुर्ग येथे नातेवाईकांकडे धाडण्यात आले. तेथील बार्निकेल हे गणिताचे शिक्षक होते आणि त्यांच्याच शाळेत रुडॉल्फचे शिक्षण सुरू झाले. चौदाव्या वर्षी त्यांनी आईवडिलांना पत्राने कळविले, की आपल्याला अभियंता व्हायचे आहे.

शिक्षण

१८७३ मध्ये शालेय शिक्षण पहिल्या क्रमांकाने पूर्ण करून त्यांनी आउग्सबुर्गच्या औद्योगिक विद्यालयात प्रवेश घेतला. १८७५ मध्ये त्यांना म्युनिक येथील तंत्रविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळाली. मुलाने आता कमवायला लागावे, अशी आईवडिलांची अपेक्षा होती. ती बाजूस ठेवून त्यांनी पुढील शिक्षणाचा मार्ग धरला.

म्युनिकमध्ये शीतीकरणाच्या शास्त्रात मोठे नाव मिळविलेले प्राध्यापक कार्ल फॉन लिंडे हे त्यांचे गुरू होते. वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेचा सुमारे दहावा भागच कामी लावते आणि उरलेली उष्णता वाया जाते, हे लिंडे यांच्या व्याख्यानातून त्यांना उमगले. फ्रेंच शास्त्रज्ञ सादी कार्नो यांनी उष्णतेपासून जास्तीत जास्त किती काम मिळू शकते, याची सैद्धान्तिक मर्यादा दाखवून दिली होती. त्या मर्यादेच्या जवळ जाणारे इंजिन बनविता येईल का, हा प्रश्न विद्यार्थिदशेतच डिझेल यांच्या मनात रुजला आणि पुढे आयुष्यभर त्याने त्यांचा पाठलाग केला.

१८७९ च्या उन्हाळ्यात विषमज्वरामुळे त्यांची अंतिम परीक्षा हुकली. पुढील परीक्षेपर्यंतचा काळ त्यांनी स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे सुल्झर बंधूंच्या कारखान्यात प्रत्यक्ष काम शिकण्यात घालविला. जानेवारी १८८० मध्ये ते उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले.

शीतयंत्रांची नोकरी

पदवीनंतर डिझेल पॅरिसला आले आणि लिंडे यांच्या बर्फाच्या कारखान्याच्या उभारणीत काम करू लागले. वर्षभरातच ते त्या कारखान्याचे संचालक झाले. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. रुडॉल्फ, हेडी आणि ऑयगेन ही त्यांची तीन अपत्ये. धाकटे ऑयगेन पुढे लेखक झाले आणि त्यांनी वडिलांचे चरित्र लिहिले.

नोकरी सांभाळून डिझेल यांनी वाफेऐवजी अमोनियाच्या बाष्पावर चालणारे इंजिन बनविण्याचा प्रयत्न केला. एका प्रयोगात स्फोट होऊन ते गंभीर जखमी झाले आणि बराच काळ त्यांना रुग्णालयात राहावे लागले. अमोनियाचा नाद त्यांनी सोडला, पण अधिक दाबाकडे जाण्याचा विचार सोडला नाही. १८९० मध्ये लिंडे यांच्या कंपनीच्या कामासाठी ते सहकुटुंब बर्लिनला गेले.

कल्पना आणि पेटंट

सायकलला हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते, हा अनुभव सर्वांचा आहे. हवा झपाट्याने दाबली की तापते. ती पुरेशी दाबल्यास इतकी तापेल, की तिच्यात सोडलेले इंधन आपोआप पेट घेईल, हे डिझेल यांच्या कल्पनेचे सार होते. त्या काळच्या पेट्रोल आणि गॅस इंजिनांत हवा व इंधन यांचे मिश्रण दाबून ते ज्योतीने किंवा ठिणगीने पेटवीत. असे मिश्रण फार दाबले तर वेळेआधीच पेटे, म्हणून दाबावर मर्यादा येई. डिझेल यांनी आधी केवळ हवा दाबायची आणि इंधन शेवटच्या क्षणी सोडायचे, असे ठरविले. त्यामुळे ती मर्यादा उरली नाही.

या पद्धतीचे जर्मन पेटंट (क्रमांक ६७२०७) त्यांना २८ फेब्रुवारी १८९२ पासून मिळाले. १८९३ च्या आरंभी त्यांनी आपला सिद्धान्त पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. त्यात २५० वातावरणांइतका दाब गृहीत धरलेला होता. असा दाब तेव्हाच्या कोणत्याही कारखान्याच्या आवाक्याबाहेरचा होता. स्वतःच्या गणितातील ही अडचण लक्षात आल्यावर डिझेल यांनी दाबाची अपेक्षा पुष्कळ खाली आणली. पेटंटातील पद्धत आणि प्रत्यक्ष चाललेले इंजिन यांत त्यामुळे जो फरक पडला, तोच पुढे त्यांच्या विरोधकांच्या हातातील शस्त्र ठरला.

आउग्सबुर्ग येथील प्रयोग

आउग्सबुर्गच्या यंत्रकारखान्याचे (पुढील काळातील एम.ए.एन.) प्रमुख हाइनरिख फॉन बुत्स यांनी १८९३ मध्ये प्रयोगांची जबाबदारी स्वीकारली. एसेन येथील क्रुप कंपनीही त्यांत सहभागी झाली.

पहिले प्रायोगिक इंजिन १० ऑगस्ट १८९३ रोजी तपासण्यात आले. बाहेरच्या पट्ट्याने ते फिरविण्यात आले आणि त्यात इंधन सोडताच स्फोट झाला. दाब मोजण्याच्या उपकरणाच्या ठिकऱ्या उडाल्या. इंजिन चालले नाही, पण दाबाने इंधन पेटते, हे सिद्ध झाले. सुधारलेले इंजिन १७ फेब्रुवारी १८९४ रोजी प्रथमच स्वतःच्या बळावर फिरले. ते सुमारे एक मिनिट चालले आणि तेवढ्यात त्याचे ८८ फेरे झाले.

त्यानंतरची तीन वर्षे इंधन सिलिंडरमध्ये कसे पोहोचवावे, या एकाच प्रश्नाने व्यापलेली होती. तेल अतिसूक्ष्म तुषारांच्या रूपाने, नेमक्या क्षणी आणि मोजक्या प्रमाणात आत गेले पाहिजे. तेवढा दाब देणारा बिनचूक पंप तेव्हा बनविता येत नव्हता. म्हणून डिझेल यांनी उच्च दाबाच्या हवेच्या झोताने तेल आत फुंकण्याची पद्धत वापरली. तिच्यासाठी इंजिनाला स्वतंत्र कॉम्प्रेसर जोडावा लागे. सिलिंडरमध्ये कोळशाची भुकटी जाळण्याचा त्यांचा मूळ बेतही व्यवहारात उतरला नाही.

इमानुएल लाउस्टर यांच्यासारख्या कुशल अभियंत्यांच्या साहाय्याने तिसरे इंजिन तयार झाले. त्याच्या सिलिंडरचा व्यास २५० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ४०० मिलिमीटर होती. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्युनिकचे प्राध्यापक मोरिट्स श्र्योटर यांनी त्याची अधिकृत चाचणी घेतली. मिनिटाला सुमारे १५४ फेरे घेत इंजिनाने जवळजवळ १८ अश्वशक्ती दिली आणि इंधनातील २६.२ टक्के उष्णतेचे कामात रूपांतर केले. वाफेच्या उत्तम इंजिनापेक्षाही हे प्रमाण कितीतरी अधिक होते. त्याच वर्षी जूनमध्ये कासेल येथे भरलेल्या जर्मन अभियंत्यांच्या सभेत या इंजिनाची माहिती जाहीर झाली आणि डिझेल यांचे नाव सर्वत्र झाले. हे इंजिन आज म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये जतन केलेले आहे.

परवाने, संपत्ती आणि परत आलेली इंजिने

कासेलनंतर परवाने घेण्यासाठी उद्योगपतींची रीघ लागली. अमेरिकेसाठी मद्यनिर्माते अडॉल्फस बुश यांनी दहा लाख मार्क मोजले. रशियासाठी एमानुएल नोबेल, ब्रिटनसाठी ग्लासगोची मिरलीस कंपनी आणि डेन्मार्कसाठी बुर्माइस्टर अँड वेन यांनी हक्क मिळविले. सप्टेंबर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या एका कंपनीकडे डिझेल यांनी आपले हक्क ३५ लाख मार्कांना सोपविले. चाळिशीत ते कोट्यधीशांच्या पंक्तीत जाऊन बसले आणि म्युनिकमध्ये त्यांनी भव्य बंगला उभारला.

तथापि प्रयोगशाळेत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चाललेले यंत्र आणि गिऱ्हाइकाच्या दारात रोज राबणारे यंत्र यांत मोठे अंतर असते. सुरुवातीच्या इंजिनांपैकी एक ६० अश्वशक्तीचे दोन सिलिंडरी इंजिन १८९८ मध्ये केम्प्टेन येथील आगपेट्यांच्या कारखान्यात बसविण्यात आले. ते वारंवार बंद पडू लागले. इतर ठिकाणांहूनही तक्रारी येऊ लागल्या. इंधन फवारणारा भाग काजळीने तुंबे, कॉम्प्रेसर त्रास देई, झडपा नीट बसत नसत. इंजिन विकत घेणाऱ्याकडे ते दुरुस्त करू शकणारा माणूस नसे. भागांची मापे अजून पक्की झाली नव्हती. त्यामुळे एका इंजिनाचा भाग दुसऱ्याला बसेल याची खात्री नव्हती. प्रत्येक बिघाडासाठी कारखान्याचा अभियंता धाडावा लागे. डिझेल यांनी आउग्सबुर्गमध्ये स्वतःच्या नावाने काढलेल्या कारखान्याला याचा सर्वाधिक फटका बसला. इंजिने परत येऊ लागली आणि थोड्याच काळात त्याचे उत्पादन थांबले.

या ताणाने डिझेल यांची प्रकृती ढासळली. डोकेदुखी आणि मानसिक थकवा यांमुळे १८९८ मध्ये त्यांना आरोग्यधामात दाखल व्हावे लागले. इकडे लाउस्टर आणि त्यांचे सहकारी एकेक दोष शोधून दूर करीत होते. शतक बदलल्यानंतरच्या काही वर्षांत इंजिन भरवशाचे झाले. इंजिन सावरण्याचे श्रेय जितके मूळ कल्पनेला, तितकेच दुरुस्त्या करीत हिंडलेल्या या अभियंत्यांना आणि फिटरना द्यावे लागेल.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तेथे एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. वनस्पतिजन्य तेलांना पुढे महत्त्व येईल, असे मत डिझेल यांनी अखेरच्या वर्षांत मांडले.

सामाजिक विचार

वाफेचे इंजिन मोठे असेल तरच परवडते. त्यामुळे काम मोठ्या कारखान्यांकडे खेचले जाते आणि स्वतंत्र कारागीर देशोधडीला लागतो, असे डिझेल यांचे निरीक्षण होते. लहान, काटकसरी आणि स्थानिक इंधनावर चालणारे इंजिन मिळाले, तर विणकर, सुतार, लोहार आपापल्या गावी टिकून राहतील, अशी त्यांची आशा होती. १९०३ मध्ये त्यांनी कामगारांच्या सहकारी मालकीचा पुरस्कार करणारे एक पुस्तक लिहिले. त्याचा फारसा खप झाला नाही. डिझेल स्वतः मात्र या ग्रंथाला इंजिनाच्या तोडीचे कार्य मानीत. त्यांच्या इंजिनाने आधी मोठ्या कारखान्यांना, वीजकेंद्रांना आणि नौदलांना बळ दिले, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

जहाजे, रेल्वे आणि ट्रकचा प्रयत्न

१९०३ मध्ये नोबेल यांच्या कंपनीने व्होल्गा नदीवर चालणाऱ्या वांदाल या तेलवाहू जहाजात डिझेल इंजिने बसविली. १९१२ मध्ये डेन्मार्कचे सेलांडिया हे सागरगामी जहाज डिझेलच्या बळावर कोपनहेगनहून बँकॉकच्या सफरीला निघाले. त्याच वर्षी सुल्झरच्या साहाय्याने बनविलेले रेल्वे इंजिन स्वित्झर्लंडमध्ये रुळांवर धावले.

१९०८ च्या सुमारास डिझेल यांनी लहान, वेगवान इंजिनाकडे लक्ष वळविले. स्वित्झर्लंडच्या साफीर कंपनीबरोबर त्यांनी ट्रकसाठी चार सिलिंडरी इंजिन तयार करून पाहिले. हवेच्या झोताची पद्धत मात्र येथे आडवी आली. कॉम्प्रेसर, हवेच्या टाक्या आणि नळ्या यांचे ओझे ट्रकला पेलवेना आणि बदलत्या वेगानुसार इंधनाचे प्रमाणही नीट राखता येईना. हा प्रयत्न तेथेच थांबला.

टीका आणि वाद

डिझेल यांच्या अग्रमानावर अनेकांनी आक्षेप घेतले. इंग्लंडमधील हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्ट यांनी १८९० मध्येच तेलावर चालणाऱ्या इंजिनाचे पेटंट घेतले होते. त्यांच्या इंजिनात तापविलेल्या कोठीच्या साहाय्याने इंधन पेटे आणि दाब कमी असे. जर्मनीत एमिल कापितेन यांनी डिझेल यांच्या पेटंटाला आव्हान दिले. १९१३ मध्ये प्राध्यापक लूडर्स यांनी डिझेल यांचे कर्तृत्व म्हणजे एक दंतकथा आहे, असे सांगणारे पुस्तक काढले. चाललेले इंजिन पेटंटातील सिद्धान्तापासून दूर गेले होते आणि त्यात कारखान्यातील अनेकांचा वाटा होता, हा आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हता. डिझेल यांनीही त्याच वर्षी इंजिनाच्या जन्माची हकीकत लिहून आपली बाजू मांडली. केवळ अति दाबाच्या हवेने इंधन पेटवून मोठी कार्यक्षमता मिळविण्याचा आग्रह आणि तो तडीस नेण्याची चिकाटी डिझेल यांची होती, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते.

अखेरचे दिवस आणि मृत्यू

१९०७ मध्ये म्युनिकच्या तंत्रविद्यालयाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९१२ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांचा मोठा गौरव झाला. बाहेर असा मान मिळत असताना आतून त्यांची आर्थिक स्थिती पोखरली गेली होती. जमिनींचे व्यवहार, तेलातील गुंतवणूक आणि कोर्टकचेऱ्या यांत त्यांची संपत्ती नष्ट झाली होती. घरच्यांना याची पूर्ण कल्पना नव्हती.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी संध्याकाळी ते अँटवर्प येथे ड्रेस्डेन या जहाजात चढले. इंग्लंडमधील कंपनीची बैठक आणि इप्सविच येथील नव्या कारखान्याचे काम यांसाठी ते निघाले होते. बेल्जियन उद्योजक जॉर्ज कारेल्स सोबत होते. रात्रीचे जेवण झाल्यावर, दहाच्या सुमारास, सकाळी सव्वासहाला उठविण्याची सूचना देऊन ते आपल्या खोलीत गेले. सकाळी खोली रिकामी होती आणि बिछाना वापरलेला नव्हता. त्यांची टोपी आणि व्यवस्थित घडी केलेला ओव्हरकोट डेकच्या कठड्याजवळ सापडला. दहा दिवसांनी एका डच नौकेला समुद्रात मृतदेह आढळला. खलाशांनी अंगावरील वस्तू काढून घेऊन देह पुन्हा समुद्रात सोडला. त्या वस्तू वडिलांच्याच असल्याचे पुत्र ऑयगेन यांनी १३ ऑक्टोबर रोजी ओळखले.

निघण्यापूर्वी डिझेल यांनी पत्नीकडे एक बॅग देऊन ती आठवड्याभराने उघडण्यास सांगितले होते. तिच्यात दोन लाख मार्क रोख आणि बँकेतील खाती जवळजवळ रिकामी असल्याचे दाखविणारी कागदपत्रे होती. त्यांच्या रोजनिशीत २९ सप्टेंबरच्या तारखेवर फुली होती. यावरून बहुतेक चरित्रकार हा आत्महत्येचा प्रकार मानतात. महायुद्धाच्या उंबरठ्यावरील तो काळ असल्याने घातपाताच्या वदंताही उठल्या, परंतु त्यांना आधार देणारा पुरावा पुढे आला नाही.

ट्रकमधील डिझेल इंजिन

ट्रकचा अडसर दूर झाला तो कॉम्प्रेसर काढून टाकल्यावर. प्रॉस्पर लॉरांज यांनी १९०९ मध्ये बेन्झ कंपनीसाठी मुख्य सिलिंडरला जोडलेल्या छोट्या पूर्वकक्षाची रचना केली. पहिल्या महायुद्धानंतर तिचा उपयोग करून बेन्झने १९२३ च्या सुमारास पाच टनी डिझेल ट्रक तयार केला. एम.ए.एन.ने १९२४ मध्ये इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणारे ट्रक इंजिन बर्लिनच्या प्रदर्शनात मांडले. १९२७ पासून रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीचे इंधनपंप मोठ्या संख्येने बनू लागले आणि डिझेल यांना न सुटलेला प्रश्न सुटला. अमेरिकेत क्लेसी कमिन्स यांनी १९३१ मध्ये डिझेल इंजिनाची मोटार इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत एकदाही न थांबता चालवून दाखविली.

याहूनही महत्त्वाचा बदल सुट्या भागांबाबत झाला. पंप, नोझल, रिंगा, बेअरिंगे ठराविक मापांत आणि क्रमांकानिशी मिळू लागली. केम्प्टेनच्या गिऱ्हाइकाला जी सोय नव्हती, ती ट्रकमालकाला लाभली. नेमका भाग आणून तो आपले इंजिन रस्त्याकडेलाही चालू करू शकू लागला.

दुरुस्ती आणि सुट्या भागांची निवड

डिझेल इंजिनाची देखभाल मूळ तत्त्वातूनच समजते. इंजिन चालण्यासाठी पुरेसा दाब, स्वच्छ हवा आणि योग्य वेळी बारीक फवारलेले इंधन, एवढेच लागते. बिघाडही बहुधा यांपैकी एकात असतो. इंधन जास्त किंवा हवा कमी असल्यास धूर काळा येतो. इंजिन ऑइल जळत असल्यास तो निळसर असतो. पांढरा धूर न जळलेले इंधन किंवा सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी सुचवितो. म्हणून इंजिन उघडण्याआधी हवेचा व इंधनाचा फिल्टर, नळ्यांची गळती आणि दाब तपासणे श्रेयस्कर ठरते.

इंधनाच्या नळीत हवा शिरली की जुन्या धाटणीच्या पंपाचे इंजिन सुरू होत नाही. मिस्त्री याला इंजिनाने एअर घेतली असे म्हणतात. फिल्टरवरील स्क्रू सैल करून, हातपंप मारून, बुडबुडे थांबेपर्यंत तेल वाहू देणे हा त्यावरील उपाय. ट्रकमालकाला हे काम स्वतः करता येते. पंपाचे कॅलिब्रेशन मात्र प्रयोगमंचावरच व्हावे लागते. पंपातील प्लंजर आणि त्याची नळी एकमेकांना घासून जुळविलेली जोडी असते. त्यांच्यातील फट अवघी दोन-तीन मायक्रॉन असते, म्हणून एकाचा भाग दुसऱ्यात घालता येत नाही. चालू इंजेक्टरच्या फवाऱ्यापुढे हात धरणे जिवावर बेतू शकते. तेल कातडीखाली घुसते आणि बाहेरून जखम क्षुल्लक दिसली, तरी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

सुटा भाग निवडताना केवळ गाडीचे नाव आणि साल पुरत नाही. एकाच नावाच्या ट्रकमध्ये वेगवेगळ्या काळी वेगळी इंजिने बसविलेली असतात. म्हणून इंजिन क्रमांक आणि जुन्या भागावर कोरलेला क्रमांक पाहावा लागतो. सिलिंडर झिजल्यावर बोअर करून घेतल्यास पिस्टन आणि रिंगा वाढीव मापाच्या लागतात, उदाहरणार्थ ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर. क्रँक घासून घेतल्यावर बेअरिंगे त्याच हिशेबाने कमी मापाची, म्हणजे आतून जाड, घ्यावी लागतात. नवी रिंग पिस्टनवर चढविण्यापूर्वी सिलिंडरमध्ये ठेवून तिच्या टोकांमधील फट फिलर गेजने मोजतात. फट नसेल, तर रिंग तापून फुगते आणि सिलिंडर ओरबाडते.

अनेक इंजिनांत हेड गॅस्केटची जाडी पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो, त्यावरून ठरते. जाड गॅस्केट बसल्यास दाब कमी पडून इंजिन थंडीत सुरू होण्यास कुरकुरते, तर पातळ बसल्यास पिस्टन झडपेला भिडण्याचा धोका असतो. डिझेल यांचे सारे संशोधन ज्या दाबावर उभे होते, तो दाब येथे मिलिमीटरच्या दहाव्या भागाने कमीजास्त होतो. इंजेक्टरखालील तांब्याचे वायसर आणि ताणले जाणारे हेडचे बोल्ट पुन्हा न वापरण्याची सूचना उत्पादक देत असल्यास ती पाळावी लागते. नकली फिल्टरमुळे थोडे पैसे वाचतात, परंतु त्यातून निसटलेली धूळ पंप आणि नोझल निकामी करू शकते.

महाराष्ट्र आणि डिझेल इंजिन

डिझेल यांना अभिप्रेत असलेले लहान इंजिन महाराष्ट्राने ऑइल इंजिन या नावाने ओळखले. सातारारोड येथे धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिने बनू लागली. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर आणि कमिन्स यांचा संयुक्त प्रकल्प सुरू झाला. जमशेदपूर येथे टाटांनी १९५४ पासून डाइम्लर-बेन्झच्या सहकार्याने डिझेल ट्रक बनविले आणि ते महाराष्ट्राच्या घाटांतून धावू लागले. वीज पोहोचण्याआधी ग्रामीण भागातील कित्येक विहिरी, गिरण्या आणि उसाची गुऱ्हाळे डिझेल इंजिनावर चालत. ते खोलून जोडणारा मिस्त्री हा गावातील मानाचा माणूस असे.

स्मृती

जपानमधील यानमार कंपनीने १९३३ मध्ये शेतकऱ्यांना उपयोगी पडेल असे लहान डिझेल इंजिन तयार केले. तिचे संस्थापक मागोकिची यामाओका यांनी कृतज्ञता म्हणून दिलेले स्मृतिउद्यान १९५७ पासून आउग्सबुर्गमध्ये आहे. समुद्रात विसर्जित झाल्याने डिझेल यांची समाधी कोठेही नाही. छोट्या माणसाच्या हाती यंत्र द्यावे, ही त्यांची इच्छा ज्या शहरात इंजिन जन्मले, तेथे एका दूरदेशीच्या उद्योजकाने ठेवलेल्या शिळांच्या रूपाने उरली आहे.